तीन किलोवॅट आणि ताईच्या खोलीतला पंखा

घरून, दुपारचे साडेतीन.
(बाहेर लख्ख ऊन आहे आणि तरीही टेबलावरचा दिवा लावून लिहितो आहे. का, ते पुढे येईलच.)

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, पण आठही अंगं मनाने जमिनीला टेकली आहेत असं समजून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब घालायला विसरत नाहीस ना? शेजारच्या मुलांना अजून फुकट गणित शिकवतेस आणि पाढा चुकला की अजून उभं करतेस, असं ऐकलं. ऐकून बरं वाटलं. ज्या बाईने मला सव्वीसाच्या पाढ्यासाठी अख्खी सुट्टी उभं केलं होतं, तिने निवृत्त झाल्यावर एकदम मऊ होणं मला सहन झालं नसतं. आमचं म्हणशील तर सगळं ठीक आहे. तुझी भावजय ठणठणीत आहे. माझं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करण्याचा तिच्या प्रकृतीला फार फायदा झाला आहे.

या उन्हाळ्यात तू आमच्या घरी न आल्याला चार वर्षं पूर्ण होतील. फोनवर आपण बोलतो, आम्ही दोघं तुझ्याकडे दोनदा येऊन राहिलो, तू हौसेने सगळं केलंस. पण ‘तू कधी येतेस’ असं विचारलं की नेमका तेव्हाच तुझ्या फोनमधून आवाज यायचा बंद होतो. कारण आपल्याला दोघांनाही ठाऊक आहे. त्याला या घरात ‘पंखा प्रकरण’ म्हणतात. मी त्या विषयात शिरणार नाही. (एवढंच म्हणतो की तू गाढ झोपली होतीस, आणि झोपलेल्या माणसाला पंख्याचा वारा कळत नाही हे मत मी काही खास तुझ्यासाठी तयार केलं नव्हतं. ते माझं जुनं मत आहे. तू घामाघूम होऊन उठलीस, मान्य. एक अक्षर न बोलता पिशवी भरलीस आणि चारच्या गाडीने गेलीस, तेही मान्य. पण विषयात शिरणार नाही असं म्हटलं आहे, तेव्हा कंस पुरा करतो.) आज लिहायचं कारण वेगळंच आहे. आपल्या गच्चीवर सौर पॅनेल बसली, सरकारी अनुदान मिळालं, आणि या सगळ्यात माझ्यावर जे गुदरलं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

सुरुवात एका पत्रकापासून झाली. विजेच्या बिलाला टाचून ते आलं. घराच्या छपरावर पॅनेल बसवा, सरकार अनुदान देईल. एका किलोवॅटला थोडं, दोनला त्याहून जास्त, तीनला सगळ्यात जास्त. तीनच्या पुढे सरकारही हात आखडता घेतं. मी ते पत्रक अकरा वेळा वाचलं. (वाचनालयात एकतीस वर्षं काढलेला माणूस एक कागद अकरा वेळा वाचतो तेव्हा त्यातल्या खालच्या बारीक अक्षरांनाही घाम फुटतो.) तुला माझा स्वभाव माहीत आहे. संध्याकाळी सातला शेवटच्या वाचकाच्या डोक्यावरचा दिवा मालवायचा आणि घरी यायचं, हे मी इतकी वर्षं केलं की निवृत्त झाल्यावरही माझा उजवा हात भिंतीवर बटण दिसलं की आपणहून उठतो. मला त्यात काही कमावल्यासारखं वाटत नाही. नुसतं बरं वाटतं, दार नीट लागल्यावर वाटतं तसं. अशा माणसाला फुकटच्या उन्हाची वीज म्हणजे काय, हे तू समजू शकतेस. मी त्याच दिवशी ठरवलं, बसवायची तर तीन किलोवॅटच.

मग पॅनेलवाले आले. हे गृहस्थ आधी पाण्याच्या टाक्या विकत असत, त्यामुळे गच्ची म्हटली की त्यांना जिना दाखवावा लागत नाही. वर जाऊन त्यांनी मापं घेतली, ऊन कुठून कुठे जातं ते पाहिलं, खाली येऊन पाणी प्यायले आणि वर्षाची बिलं मागितली. मी ती तारखेप्रमाणे लावून दोरीने बांधलेली पुढे ठेवली. त्यांनी चाळली. पुन्हा चाळली. मग माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात तुझ्या भावजयीला विचारलं, “वहिनी, तुम्ही इथेच राहता ना? का घर बंद असतं?” मी थोड्या अभिमानानेच सांगितलं की आम्ही दोघं बारा महिने इथेच असतो आणि आमच्याकडे फ्रीजसुद्धा आहे. ते म्हणाले की या बिलांवर एक किलोवॅट म्हणजे डोक्यावरून पाणी. मी तीनचा हेका धरला. शेवटी दारात चपला घालता घालता ते हसत म्हणाले, “तीन बसवायचे तर काका, आधी जरा वीज वापरा तरी.” आता, एक पाय चपलेत असताना हसत बोललेलं वाक्य हा सरकारी नियम असतो असं कोणी समजेल का? मी समजलो.

त्या दिवसापासून या घरात वीज उधळण्याची मोहीम सुरू झाली. दोन महिने भरपूर वापर दाखवायचा, म्हणजे आपण तीन किलोवॅटला पात्र, असा माझा हिशेब. तुझ्या भावजयीला मी हे सांगितलं तेव्हा तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग उठली आणि घरातले सगळे दिवे लावून आली. चौतीस वर्षं ही बाई या क्षणाची वाट पाहत होती, हे मला तेव्हा कळलं. तिने इस्त्री काढली आणि माझे शर्ट झाल्यावर हातरुमाल, मोजे, पायपुसणी, भांडी पुसायचं फडकं असं करत शेवटी कालच्या वर्तमानपत्राला इस्त्री केली. (वाचायला चांगलं लागतं, हे प्रामाणिकपणे सांगतो.) अंघोळीला गरम पाणी, भांड्यांना गरम पाणी, आणि हे सगळं ऑक्टोबरच्या उकाड्यात. टीव्ही बैठकीत कोणी नसतानाही बोलत राहिला. मी बैठकीत बसायचो आणि स्वयंपाकघरात दोन दिवे उगाच जळताहेत हे मला भिंतीपलीकडून दिसायचं.

हाताचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. तो ऐकेना. मी चहाला उठलो की येताना तीन बटणं बंद करून यायचो आणि मला पत्ताही नसायचा. मग मी वाचनालयातल्या पाट्यांच्या अक्षरात ‘बंद करू नये’ असं लिहून प्रत्येक बटणाखाली चिकटवलं. तरी हात जाई. मग तिने माझ्या उजव्या हातात सतत काहीतरी द्यायला सुरुवात केली. कधी कप, कधी लिंबू, एकदा तर दिवसभर भाजीची जुडी. शेजारचे शिंपी (तुला आठवत असतील, समोरच्या दुकानात बसतात, कानावर खडू असतो) ते दोनदा येऊन विचारून गेले की घरात कोणी आजारी आहे का. त्यांच्या मते आमच्याकडे इतका उजेड असणं हे बरं लक्षण नव्हतं.

बिल आलं आणि मी ते छातीशी धरून पॅनेलवाल्यांकडे निघणार, एवढ्यात वीज कार्यालयातून दोन अधिकारी दारात उभे. एक उंच, एक बुटके. त्यांचं म्हणणं सरळ होतं. या मीटरवरचा वापर एकाएकी सहापट झाला आहे. माणसं तीच, घर तेच. तेव्हा सहापट हा खरा वापर असला पाहिजे आणि इतकी वर्षं ग्राहक बाकीची वीज चोरून घेत असला पाहिजे. आता चोरी सोडून सुधारला, म्हणून आकडा वर गेला. ताई, मी उभ्या आयुष्यात वाचनालयाची पेन्सिलसुद्धा घरी आणली नाही. उंच अधिकारी खुर्चीवर चढून माळ्यावर तारा शोधू लागले, बुटके फ्रीज सरकवून मागे बघू लागले, आणि मी हातात लिंबू घेऊन मध्ये उभा.

इथे तुझी भावजय पुढे सरसावली. ती म्हणाली, साहेब, चोरी करायला आधी वापरावी लागते. आणि मग तिने माझ्या चिक्कूपणाचा जो पाढा वाचला तो ऐकून दोघांनी शोध थांबवला आणि ते बसूनच ऐकू लागले. मी फ्रीजचं दार उघडण्याआधी काय घ्यायचं ते मनाशी म्हणून घ्यायला लावतो. आम्ही तिन्हीसांजेला अंधारात बसून एकमेकांना आवाजावरून ओळखतो. पाहुणे उठले की ते दारापर्यंत पोचायच्या आत बैठकीतला दिवा जातो. शिंप्यांना साक्षीला बोलावलं, तर त्या गृहस्थांनी हातातली पँट खाली ठेवून येऊन तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावली आणि आपल्याकडची दोन उदाहरणं घातली. आणि सगळ्यात शेवटी, ताई, तिने पंखा प्रकरण सांगितलं. सुरुवातीपासून.

मी खाली बघत होतो. तिचं संपल्यावर शिंपी म्हणाले, हो, मला माहीत आहे, गाडीची वेळ होईपर्यंत त्या माझ्याच दुकानात बसल्या होत्या. पार भिजल्या होत्या घामाने, मी टेबलफॅन त्यांच्याकडे वळवून दिला. हे मला चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं तू रागाच्या भरात सरळ गाडीवर गेलीस. माझ्या दारासमोर, दहा पावलांवर, परक्याच्या पंख्याखाली तू पाऊण तास बसली होतीस आणि मी आत खिडकी लावून पेपर वाचत होतो. मला फार वाईट वाटलं. पण दोन सरकारी माणसांसमोर ते दाखवता येईना, म्हणून मी लिंबू या हातातून त्या हातात घेतलं.

बुटक्या अधिकाऱ्यांनी पंचनामा लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. त्यात असं होतं: ‘ग्राहक स्वभावतः अतिशय काटकसरी असून, सुमारे चार वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात दुपारच्या वेळी, वडील बहीण झोपलेली असता, त्याने तिच्या अंगावरील पंखा बंद केल्याचे ग्राहकाच्या पत्नीने व शेजाऱ्याने सांगितले. ग्राहकाने ते नाकारले नाही. सबब वीजचोरीचा संशय उरत नाही.’ खाली सही करायला सांगितली. म्हणजे आता बघ, चोरीच्या आरोपातून सुटायचं तर पंखा बंद केल्याचं लिहून द्यावं लागणार. मी सही केली. (अक्षर जरा हललं आहे, ते लिंबू ठेवायला जागा नव्हती म्हणून.) उंच अधिकारी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘काका, पण बहिणीचा पंखा?’ आणि पायऱ्या उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी बिल आणि पंचनामा दोन्ही घेऊन अनुदानाच्या खिडकीवर गेलो. खिडकीत एक बाई होत्या, चष्मा दोरीला. मी त्यांना दोन महिन्यांचा वापर दाखवला आणि म्हटलं, आता तरी मी तीन किलोवॅटला पात्र आहे ना? त्यांनी चष्मा लावला, बिल वाचलं, चष्मा काढला. म्हणाल्या, अहो, वापराची अटच नाही. छप्पर तुमचं आणि मीटर तुमच्या नावावर, एवढं पुरे. मग हे दोन महिने कशासाठी? मी त्यांना इस्त्री केलेल्या वर्तमानपत्राबद्दल सांगितलं नाही. माणसाने सगळंच सगळ्यांना सांगू नये. नुसतं ‘चौकशी म्हणून आलो होतो’ असं म्हटलं आणि अर्ज घेऊन बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो.

पण पुढचं सगळं सुरळीत झालं, हे सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल माझं कधी काही धड होतच नाही. पॅनेलवाल्यांनी चार दिवसांत काम उरकलं. एकच अडचण आली, ती फोटोची. अनुदानासाठी पॅनेलशेजारी उभ्या असलेल्या मालकाचा फोटो लागतो. पहिल्या फोटोत माझे डोळे मिटलेले. दुसऱ्यात डोळे उघडे, पण माझी सावली बरोबर पॅनेलवर पडलेली; ते पाहताच मी फोटो निघायच्या आत बाजूला उडी मारली, त्यामुळे त्यात नुसता माझा एक पाय आहे. तिसऱ्या वेळी तुझ्या भावजयीने मला खांद्याला धरून उभं केलं आणि मान्य झालेल्या फोटोत एका सधन म्हाताऱ्याला कोणीतरी पकडून ठेवल्यासारखं दिसतं. अनुदान महिन्याभरात खात्यात आलं. ज्या सरकारने मला चोर ठरवलं होतं, त्याच सरकारने मला बक्षीस दिलं.

आणि आता खरोखर सुख आहे, ताई. नवा मीटर दोन्हीकडे चालतो. आपण घेतलेली वीज एकीकडे, आपण दिलेली दुसरीकडे. दुपारी बारा ते तीन आपण इतकी देतो की मला खुर्ची घेऊन मीटरसमोर बसावंसं वाटतं, आणि मी बसतोही. ढग आला की मी गच्चीवर जाऊन त्याच्याकडे बघतो, त्याने तो जरा लवकर सरकतो असा माझा अनुभव आहे. शिंप्यांना मी सांगितलं की दुपारी तुमची मशीन बहुधा माझ्याच उन्हावर चालते. त्या दिवसापासून गल्लीतली वीज गेली की ते समोरून माझ्याकडेच रागाने बघतात. टेबलावरचा दिवा भर दुपारी लावून मी हे लिहितो आहे तो सराव म्हणून. हात अजून दोनदा बटणाकडे गेला. परत आला. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी हाताने एवढं ऐकलं हे पुष्कळ आहे.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना शेकत जा, चढउतार कमी कर, आणि त्या मुलांना अधूनमधून बसायला सांग.

तुझा आज्ञाधारक (ही सवय अलीकडचीच आहे),
धाकटा

ता. क. तुला मी खोटं सांगितलं. तीन किलोवॅटचा हट्ट अनुदानासाठी नव्हता. तू येऊन राहिलीस तर दिवसरात्र पंखा, वाचायचा दिवा आणि गरम पाण्याची पिशवी, सगळं धरून एका किलोवॅटात भागतं, हे मी आधीच हिशेब करून पाहिलं होतं. पण एकात भागलं असतं तर मी मोजत बसलो असतो. मला मोजायचं नव्हतं. या हाताची मला खात्री नाही, म्हणून म्हटलं, गच्चीवर एवढी वीज ठेवावी की हाताला कामच उरू नये. आता आपल्या पिढीतले आपण दोघंच राहिलो आहोत, ताई. उन्हाळ्याला ये. आठ दिवसांसाठी नको, दोन महिने ये.

ता. क. दुसरा. पंचनाम्याची नक्कल सोबत जोडली आहे. सरकारी कागद आहे, सांभाळून ठेव. जे मी तुझ्यासमोर कबूल करायला हवं होतं ते त्यात माझ्या सहीनिशी आहे. शिवाय गेल्या आठवड्यात मी एक प्रयोग केला. दुपारी तुझ्याच खोलीत, तुझ्याच पलंगावर, पंखा लावून झोपलो आणि झोप लागल्यावर तो बंद करायचा, अशी व्यवस्था केली. सहाव्या मिनिटाला मी घामाने भिजून उठलो. माझं मत चुकीचं होतं. झोपलेल्या माणसाला कळतं. तुझ्या खोलीतला पंखा सकाळी नऊपासून चालू आहे, खोलीत कोणी नाही.

(खालचं अक्षर माझं आहे. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, म्हणून.)

वन्सं, नमस्कार. प्रयोग वगैरे काही नव्हता. हे घोरत होते आणि मी जाऊन पंखा बंद केला. चार वर्षं मनात होतं. उठल्यावर हे माझ्यावर चिडतील म्हणून मी दारातच उभी होते. चिडले नाहीत. पलंगावर बसून राहिले, उशीच्या अभ्र्याने तोंड पुसलं, आणि म्हणाले, “ताईला पत्र लिहायला हवं.”